जरतरकाकाची तर

नदीच्या त्या वळणावर माणसांना पलीकडे नेणारी जी डिझेलची मोठी होडी होती, तिला सगळे तर म्हणत. शब्द जुना, पण धक्क्यावरच्या पाटीवर तोच रंगवलेला होता. आणि ती तर चालवणाऱ्या माणसाला दर वाक्यात 'जर' घालायची खोड होती. जर वारा पडला, जर पाणी उतरलं, जर मी वेळेवर उठलो. कुणा टवाळाने एकदा त्याला जरतर म्हटलं आणि ते नाव त्याला असं चिकटलं की खरं नाव फक्त परवान्याच्या कागदावर उरलं. बायको 'अहो' म्हणायची, मुलगी 'बाबा' म्हणायची, बाकी सगळ्या दुनियेचा तो जरतरकाका.

माणूस स्वप्नाळू. सुकाणू हातात धरून उभ्याउभ्या स्वप्न बघायचा. एकदा दाट धुक्यात त्याला नदी कूस बदलताना दिसली, आणि त्या नादात तर धक्क्यावर अशी आदळली की एका शिक्षिकेचा चष्मा पाण्यात गेला. चष्मा त्याने भरून दिला. पण नदीने कूस बदललीच होती, हे म्हणणं काही सोडलं नाही.

खरं सांगायचं तर त्याच्या स्वप्नांना इंजिनाचा फार त्रास होई. त्याच्या वडिलांच्या काळी तर वल्ह्यांवर चालायची. इंजिन यानेच बसवलं, हौसेने बसवलं, आणि मग जन्मभर त्याच्या आवाजाखाली राहिला. ते सुरू झालं की आपण पाण्यावर नसून पिठाच्या गिरणीत उभे आहोत असं वाटे. माणसं समोरासमोर बसून पलीकडे जात, पण कुणी कुणाशी बोलत नसे, कारण बोलून उपयोगच नव्हता.

त्याच्या मुलीला तो ठिणगी म्हणायचा. लहानपणी ती तापट होती म्हणून, आणि पुढे ती वेल्डर झाली तेव्हा ते नाव आपोआपच खरं ठरलं. गावातल्या कारखान्यात ती काम शिकली, हात बसला, आणि नदीवर पूल बांधायला कंपनी आली तेव्हा तिला तिथे घेतलं. आता गंमत बघा. पूल झाला की तर बंद होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणजे बाप ज्या पाण्यावर पोट भरत होता, त्याच पाण्यावर मुलगी पूल जोडत होती, आणि दोघं एकाच घरात जेवत होते.

"जर पूल झाला," एकदा जेवताना त्याने सुरुवात केली.

"तर तर राहणार नाही," बायकोने वाक्य पुरं केलं. "पुढे बोला. पाणी वाढू?"

ठिणगी खाली बघून हसली. तो विषय घरात असाच निघायचा आणि असाच बुडायचा. पण जरतरच्या मनातून तो जात नसे. पुलाचे दोन हात दोन्ही काठांवरून पुढे येत होते, रोज थोडे थोडे, आणि मधली फट अरुंद होत चालली होती. त्या फटीखालून तर नेताना तो वर बघायचा आणि कुणाला कळणार नाही असं मनातल्या मनात म्हणायचा, थांब रे बाबा, जरा दमाने घे.

मग लांब कुठेतरी, जिथलं पाणी त्याने कधी पाहिलं नव्हतं, तिथल्या एका चिंचोळ्या समुद्रवाटेत तेलाची जहाजं अडली. का अडली, कुणी अडवली, हे रेडिओवर रोज सांगत, आणि धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत तिकिटं फाडता फाडता बायको ते ऐकत असे. जरतरला त्यातलं एवढंच कळलं की कुठल्या तरी पाण्यात कुणाची तरी वाट अडली आणि त्याचा चटका आपल्या टाकीला बसला. डिझेलचा भाव उसळला, आणि तो खाली येण्याआधी आणखी उसळला.

तर थांबवणं परवडत नव्हतं, चालवणं त्याहून नाही. तेव्हा त्याला वडिलांची एक जुनी रीत आठवली. नदी तिथे वळते, आणि वळताना तिची मुख्य धार या काठाकडून त्या काठाकडे जाते. आपल्या काठाकाठाने, जिथे ओढ कमी असते तिथून, इंजिनावर थोडं वर चढायचं, मग इंजिन बंद करायचं आणि तर धारेत सोडून द्यायची. लांब वल्हं हातात धरून नुसती दिशा सांभाळायची. नदी आपणहून पलीकडच्या धक्क्याशी नेऊन सोडते. येताना मात्र इंजिनाला पर्याय नाही. जाताना नदी, येताना डिझेल, असं त्याने ठरवलं.

पहिल्या दिवशी धारेत शिरताना इंजिन बंद झालं तेव्हा माणसं दचकली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याचा आवाज येतोय. तरीच्या पोटाखालून नदी बोलत होती. धुकं अंगावरून सरकत होतं, काठावरची झाडं हलकेच मागे जात होती, आणि कोण चाललंय, आपण की झाडं, हे कळेनासं झालं. एक म्हातारा बसल्या जागी झोपला. पलीकडे पोचल्यावर त्याला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. जरतर वल्हं धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. महागाईने त्याला त्याची नदी परत दिली होती.

आणि आणखी एक गोष्ट दिली. पुलाच्या फटीखालून जाताना त्याला वरून आवाज आला. टक् टक्, आणि मग जरा थांबून, टक्. वेल्डिंगच्या जोडावर जी खपली धरते ती छोट्या हातोडीने ठोकून काढावी लागते, हे त्याला मुलीनेच सांगितलं होतं. पण ठोकायची ही तऱ्हा त्याच्या फार जुन्या ओळखीची होती. ठिणगी शाळेतून यायची तेव्हा घराचं दार असंच वाजवायची, दोनदा घाईने, आणि तिसऱ्यांदा उशिराने, आठवण झाल्यासारखं. इतके दिवस ती त्याच्या डोक्यावर दार वाजवत होती आणि इंजिनामुळे त्याला ऐकूच आलं नव्हतं.

त्याने वल्ह्याची मूठ तरीच्या काठावर आपटली. टक् टक्. टक्. वरची हातोडी क्षणभर गप्प झाली. मग पुन्हा वाजली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. घरी दोघं त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

तरीवर आता गप्पाही रंगू लागल्या. रोज सकाळी एक साबणवाली टोपली घेऊन पलीकडे जायची, तोंडाने फटकळ पण मनाने लोणी. पलीकडच्या बँकेत काम करणारा एक बँकवाला असायचा, इस्त्रीच्या शर्टातला, भिडस्त. जरतरने तरीचं भाडं वाढवलं तेव्हा साबणवालीने साबण महाग केला. साबण महागला म्हणून धोब्याने धुलाई वाढवली, आणि मग सगळंच महागतंय तर आपण का मागे राहायचं, पुढच्या महिन्यात डिझेल चढणारच आहे, असं म्हणून जरतरने भाडं आधीच आणखी वाढवून ठेवलं.

"अजून चढलं नाही डिझेल, आणि तुमचं भाडं चढलं?" साबणवाली म्हणाली.

"चढलं तर?" तो म्हणाला.

"बघा, हेच," बँकवाला हळूच म्हणाला. "आमच्या सगळ्या बँकांच्या वर जी मोठी बँक आहे, तिला भीती वाटते ती याची. तेल कुणाच्या हातात नाही. पण तेलामागून आपण सगळे जे एकमेकांवर चढत जातो ना, ते एकदा अंगवळणी पडलं की तेल उतरलं तरी भाव उतरत नाहीत. म्हणून व्याजाचे दर वाढवायचे. कर्ज महाग झालं की लोक हात आखडते घेतात, खरेदी थंडावते, मग भाव वाढवायची कुणाची छाती होत नाही."

"म्हणजे माझा साबण कुणी घेऊ नये अशी ही सोय," साबणवाली म्हणाली.

"तसं नाही हो," बँकवाला म्हणाला, आणि जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे, तसंच."

जरतर हसला. मग त्याला वाटलं, आपणही या चढाओढीत आहोत की. दुसऱ्या दिवशी त्याने आगाऊ वाढवलेलं भाडं मुकाट्याने खाली आणलं. साबणवालीने साबण काही खाली आणला नाही. म्हणाली, मी वाट बघणार, आधी धोबी उतरू दे.

रेडिओवर मोठ्या बँकेचा प्रमुख बोलू लागला. जर तेलाचे भाव असेच राहिले, आणि जर ते इतर वस्तूंत झिरपले, तर व्याजाचे दर आणखी वाढवावे लागतील, असं तो सारखं सांगे. बायकोने खोलीतून हाक मारली, "अहो, या लवकर. तुमचा भाऊ बोलतोय."

दर वाढले. पुन्हा वाढले. आणि एका संध्याकाळी ठिणगी वेळेआधीच घरी आली. डोक्यावरचा वेल्डिंगचा टोप तिने खुंटीला न अडकवता मांडीवर घेतला आणि बसून राहिली.

"काम थांबवलं," ती म्हणाली. "कंपनीने पुलासाठी उचललेल्या कर्जाचं व्याज एवढं वाढलंय की उद्या टोल घेऊनसुद्धा फिटणार नाही म्हणतात. आम्हाला वाटत होतं पूल खांबांवर उभा आहे. तो कर्जावर उभा होता."

जरतरच्या छातीत त्या क्षणी काहीतरी आनंदाने उडालं. लपवून काय करायचं, उडालं. तर वाचली. थांब रे बाबा म्हटलं होतं आणि पूल थांबला होता. मग त्याने मुलीचे हात पाहिले. ती ते धुवायला उठली होती आणि फार सावकाश धूत होती, जणू आता पुन्हा काळे होणारच नाहीत.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," बायको संतापून म्हणाली. "तेल अडलं समुद्रात, आणि डागलं कुणाला तर माझ्या पोरीला. त्या पुलाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

ठिणगी हात पुसत म्हणाली, "आई, पण पखालीला डाग दिला की काय होतं सांग. कातडं जळतं, भोक पडतं, पाणी गळून जातं. रेड्याच्या पाठीवरचं ओझं उतरतं. मग रेडा चालायला लागतो, आणि लोक म्हणतात, बघा, औषध लागू पडलं."

"आणि पाणी?"

"पाणी वाटेत," ठिणगी म्हणाली.

थोड्या दिवसांनी तिला दूरच्या एका गोदीत काम मिळालं. तिथे जहाजं दुरुस्त करत. वाट अडल्यामुळे तेल लांबच्या फेऱ्याने आणावं लागे, म्हणून तेलाच्या जहाजांना तेव्हा बरे दिवस आले होते. जायच्या दिवशी तिला पलीकडून गाडी पकडायची होती, म्हणून बापानेच तिला तरीतून नेलं. धारेशी येताच त्याने इंजिन बंद केलं. ती सुकाणूजवळ येऊन बसली. पुलाचे दोन हात वर तसेच पुढे आलेले होते, मधे आभाळाची पट्टी.

"पूल थांबला ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माहीत आहे, बाबा."

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही त्या दिवशी 'जर' म्हणालाच नाहीत. नुसते गप्प बसलात." मग ती म्हणाली, "मलाही ठाऊक होतं, पूल झाला की तुमची तर जाणार. तरी मी एकही जोड कच्चा नाही घातला. आता बोला."

त्याने वल्हं जरा वळवून तर धक्क्याला लावली. पलीकडे उतरून ती चढण चढून गेली आणि वरून हात केला. परत येताना त्याने इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजाखाली मनसोक्त रडून घेतलं. इंजिनाचा तेवढा एक उपयोग असतो.

मग सगळीकडे एक झोप पसरल्यासारखी झाली. दुकानं उघडी असत, पण आत कुणी नसे. तरीवरची माणसं कमी झाली, कारण पलीकडे जाऊन घ्यायचं काय होतं? साबणवालीची टोपली गेली तशी परत येऊ लागली. सुगंधी वड्या तिने बंदच केल्या, साध्या तेवढ्या ठेवल्या, आणि त्यांचाही भाव शेवटी उतरवला. धोबी तिच्या आधी उतरला होता. बँकवाला तरीत खिडकीशेजारी बसल्यासारखा पाण्याकडे बघत बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. जगात सगळीकडेच म्हणे माणसं थोडी हळू चालत होती, थोडं कमी जाळत होती, आणि अडलेली जहाजंही सुटली होती. डिझेल उतरलं. पूर्वीइतकं नाही, पण उतरलं.

त्या दिवसांत दुपारी धक्क्याला तर बांधली की जरतरचा डोळा लागे आणि त्याला एक रेडा दिसे. नदीच्या पाण्यावरून तो चालत येई, पाय न बुडता, पाठीवर पखाल, आणि पखालीतून पाण्याची बारीक धार नदीत गळत असे. रेडा छान टवटवीत दिसे. तो धक्क्यावर येऊन थांबे तेव्हा पखाल कोरडी असे. काठावर माणसं भांडी घेऊन उभी असत, साबणवाली, धोबी, तो म्हातारा. सगळ्यांच्या मागे ठिणगी उभी असे, आणि तिच्या हातात भांड्याऐवजी तिचा टोप उलटा धरलेला असे. मग तो जागा होई आणि तरीतलं साचलेलं पाणी उपसायला लागे.

"आता डिझेल परवडतं, तरी जाताना इंजिन बंद का करता?" बायकोने एकदा विचारलं.

"सवय," तो म्हणाला.

सवय बिवय काही नव्हती. फटीखालून जाताना तो कान देऊन ऐकत असे, हे बायकोला कळत होतं. वर कुणी नव्हतं. वाऱ्याने एखादी लोखंडी साखळी हलायची, तेवढंच.

पुढे एका सकाळी रेडिओवर तोच आवाज आला. जर भाव असेच आटोक्यात राहिले, तर व्याजाचे दर कमी करता येतील. आणि काही दिवसांनी ते केलेच. या वेळी जरतर खोलीच्या दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. बायकोने रेडिओ बंद केला.

"म्हणजे पूल सुरू होणार," ती म्हणाली.

"होणार."

"आणि आपली तर?"

त्याने पाटीकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता, आणि यंदा तो द्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. "पोरगी येईल," तो म्हणाला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात पुढच्या गोष्टीबद्दलचं त्याचं हे पहिलं पुरं वाक्य असेल ज्यात जर नव्हतं.

पण नुसतं म्हणून काय होतं? फोनवर ठिणगी म्हणाली, कंपनीकडून निरोप आला तर बघू, इथलं कामही धरून ठेवायला हवं. पुलावर दिवे लागले, माणसं आली. पुन्हा हातोड्या वाजू लागल्या, पण त्या परक्या होत्या, एकसुरी, घड्याळासारख्या. जरतर रोज खालून जाई आणि रोज मान खाली घालून पलीकडे पोचे. जी फट भरू नये म्हणून त्याने मनोमन विनवण्या केल्या, ती आता तिच्याविना भरली तर काय, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला होता.

त्या दिवशी धुकं होतं. तरीत साबणवाली होती, बँकवाला होता, आणखी चार माणसं होती. काठाकाठाने वर जाऊन त्याने इंजिन बंद केलं आणि तर धारेत सोडली. पाणी बोलू लागलं. पुलाचे हात धुक्यात दिसत नव्हते, वर नुसता एक निळा उजेड लुकलुकत होता, आणि मग तोही विझला.

टक् टक्.

जरतरने वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं. त्याचे थेंब गळत होते, तेवढाही आवाज त्याला नकोसा झाला.

टक्.

साबणवालीने वर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "लावतायत की हो तो उरलेला शेवटचा तुकडा," ती म्हणाली. "काका, आता तुमची तर..."

"गप गं जरा," तो म्हणाला. "माझी मुलगी दार वाजवतेय."

त्याने वल्ह्याची मूठ काठावर आपटली, दोनदा घाईने आणि एकदा उशिराने. वर शांतता झाली. तेवढ्यात धार तरीला फटीखालून पुढे न्यायला लागली, ती कुणासाठी थांबत नाही. जरतरने वल्हं टाकलं आणि जाऊन इंजिन सुरू केलं. इतक्या दिवसांत जाताना मध्यावर पहिल्यांदाच. गिरणीचा तो जुना आवाज धुक्यात उसळला. त्याने तर वळवून तिचं नाक प्रवाहाविरुद्ध केलं आणि पुलाच्या बरोबर खाली आणून धरली. धारेत एका जागी उभं राहायचं तर इंजिनाला सारखं पळत राहावं लागतं. तर थरथरत होती आणि तसूभरही पुढे जात नव्हती.

वरून, लोखंडाच्या कडेवरून, एक डोकं खाली वाकलं. तिने तोंडावरची काच वर केली. धुक्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता, आणि इंजिनाच्या आवाजात ती काय ओरडतेय ते कळत नव्हतं. जरतर मान वर करून उभा होता.

बँकवाल्याला कामावर उशीर होत होता. त्याने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी भिडस्तपणे जवळ येऊन कानाशी म्हणाला, "काका, डिझेल जळतंय."

"जळू दे," जरतर म्हणाला.